बोरा मिलुतिनोविच: पाच विश्वचषक, पाच देश. जादू की हिशेब?

ऑफसाइड_काका

फिरस्ता कोच म्हटलं की पहिलं नाव निघतं जर्मनीच्या रुडी गुटेनडॉर्फचं. ३२ देश, ५५ संघ. चिली, टोंगा, रवांडा, सामोआ. विमान उतरेल तिथे हा शिट्टी घेऊन हजर. पण विश्वचषकाच्या बाकावर त्याला कधी बसायला मिळालं नाही. हा धागा त्याच्यासाठी नाही.

हा धागा बोराचा. जन्म ७ सप्टेंबर १९४४, सर्बियातलं बायिना बाश्ता. वडील युद्धात गेले, आई क्षयाने गेली, मुलं नातलगांकडे वाढली. मिलोश, मिलोराद, बोरा हे तिघेही भाऊ बेलग्रेडच्या पार्टिझानकडून खेळले. मिलोश तर युगोस्लाव्हियाकडून १९५४ आणि १९५८ चे विश्वचषक खेळला. बोरा खेळाडू म्हणून त्याच्याइतका मोठा नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुर, मग मोनॅको, नीस, रुआँ असं करत १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत विद्यापीठाच्या पुमास क्लबात पोचला आणि १९७७ मध्ये तिथेच कोच झाला. १९८०-८१ ची लीग जिंकली, १९८० आणि १९८२ चा कॉन्काकाफ (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा महासंघ) चॅम्पियन्स कप जिंकला. पुढे गाजलेला मेक्सिकन स्ट्रायकर उगो सांचेस, तेव्हा कोवळा, याच काळातला.

त्यानंतरचा मुख्य ताळेबंद असा:

१९८६ मेक्सिको: उपांत्यपूर्व फेरी
१९९० कोस्टारिका: शेवटचे १६
१९९४ अमेरिका: शेवटचे १६
१९९८ नायजेरिया: शेवटचे १६
२००२ चीन: गटात शेवटचा, एकही गोल नाही

मध्ये मध्ये सान लोरेन्सो, उदिनेसे, न्यूयॉर्कचा मेट्रोस्टार्स, पुन्हा मेक्सिको. नंतर होंडुरास, कतारचा अल साद, जमैका, इराक. सर्बिया सोडून सगळीकडे 'चमत्कार करणारा' अशी ख्याती. मला चमत्कार हा शब्द पटत नाही. नेमकं काय चालायचं आणि काय फसायचं, ते मांडूया. "ग्रेट कोच, सलाम" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

तिसरा_पंच

काका, सुरुवातीलाच खडा टाकतो. १९८६ ते १९९४ विश्वचषक २४ संघांचा होता. सहा गट, प्रत्येकातले पहिले दोन पुढे, शिवाय तिसऱ्या क्रमांकाच्या सहांपैकी चार पुढे. म्हणजे २४ मधले १६ बाद फेरीत जाणार आणि फक्त आठ घरी. तीनपैकी एक सामना जिंकलात की बहुतेक वेळा काम झालं. अशा चाळणीतून पलीकडे जाणं याला एवढं डोक्यावर घ्यायचं कारण काय? ३२ संघ झाल्यावर एकदा नायजेरियासारखा मुळातच तगडा संघ हाती आला म्हणून निभावलं. चीनच्या वेळी उघडं पडलं.

डावा_बॅक

मुद्दा ऐकायला बरा आहे, पण गुणतक्त्यावर टिकत नाही.

मेक्सिको १९८६: बेल्जियम २-१, पॅराग्वे १-१, इराक १-० आणि गटात पहिला.
कोस्टारिका १९९०: दोन विजय, चार गुण (तेव्हा विजयाला दोनच गुण होते), ब्राझीलच्या मागे दुसरा. स्कॉटलंडला दोन गुण, स्वीडनला शून्य.
अमेरिका १९९४: रोमानिया सहा, स्वित्झर्लंड चार, अमेरिका चार, कोलंबिया तीन. हा एकटा संघ तिसऱ्या क्रमांकावरून गेला.
नायजेरिया १९९८: सहा गुण, गटात पहिला, आणि त्याच गटात स्पेन चार गुणांवर बाद.

म्हणजे तुमच्या सवलतीचा लाभ चारपैकी एकदाच झाला. बाकी तिघे फक्त पहिले दोन पुढे जाण्याच्या कडक नियमानेही गेले असते.

तिसरा_पंच

मान्य. मेक्सिको घरच्या मैदानावर होता, तेवढं माझ्या बाजूने राहू द्या.

बाकावरचा

पाच देशांना विश्वचषकात नेण्याचा विक्रम एकट्या बोराचाच ना?

ऑफसाइड_काका

नाही. ब्राझीलचा कार्लोस आल्बेर्तो परेराही पाच देशांचाच आहे: कुवेत १९८२, यूएई १९९०, ब्राझील १९९४ आणि २००६, सौदी १९९८, दक्षिण आफ्रिका २०१०. स्पर्धा मोजल्या तर तो सहा विश्वचषकांसह पुढे आहे आणि त्यातला एक जिंकलेलाही आहे. बोराचं वेगळेपण असं की पाचही सलग, दर वेळी नवा देश, आणि पहिले चार बाद फेरीत. १९९४ ला परेराच्या ब्राझीलनेच बोराच्या अमेरिकेला घरी पाठवलं.

डावा_बॅक

कोस्टारिका १९९० जरा जवळून बघण्यासारखा आहे, कारण बोराची पद्धत सगळ्यात स्वच्छ तिथे दिसते.

तो आला तेव्हा स्पर्धा जेमतेम तीन महिन्यांवर होती. पात्रता दुसऱ्याने मिळवून दिलेली. विश्वचषक पहिलाच. हाती आलेल्या संघातले काही प्रस्थापित त्याने बाजूला केले, त्यावरून तिकडे भरपूर ओरड झाली. पण तीन महिन्यांत कुणाला नवीन कौशल्य शिकवता येत नाही. निवड बदलता येते, आणि प्रत्येकाला एकेक काम नेमून देता येतं. त्याने तेवढंच केलं.

११ जूनला जेनोआत स्कॉटलंड. मागे माणसं राखून खेळ, गोलात गाबेलो कोनेहो. ४९व्या मिनिटाला क्लाउदिओ हाराने गोलाकडे पाठ असतानाच टाचेने चेंडू मागे सोडला, कायासो धावत आला आणि गोलकीपर लेटन खाली झेपावत असताना वरून अलगद उचलून टाकला. १-०. उरलेला वेळ कोनेहोने काढला.

मग तुरीनला ब्राझील, ०-१. इथे कोस्टारिका काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सीत उतरली. मायदेशातल्या जुन्या ला लिबेर्ताद क्लबचे ते रंग, पण तुरीनमध्ये ते युव्हेंटसचे रंग. स्टेडियमातला इटालियन प्रेक्षक आपोआप कुणाच्या बाजूने ओरडणार ते सांगायला नको. ही बोराचीच शक्कल असं सर्रास सांगितलं जातं, आणि त्याच्या स्वभावाला ती शोभतेही. हरला तो एकाच गोलाने. गोलफरक सांभाळणं हाही त्या दिवशीचा हेतू होताच.

तिसरा सामना स्वीडन, पुन्हा जेनोआ. अर्ध्या वेळेला ०-१. बोराने मेडफर्डला बदली म्हणून उतरवला, कारण दमलेल्या स्वीडिश बचावफळीमागे मोकळं मैदान पडलं होतं. ७५व्या मिनिटाला फ्री किकवर फ्लोरेसचं हेडर, १-१. मग शेवटच्या तीन-चार मिनिटांत मेडफर्ड मधल्या रेषेपासून एकटा सुटला, २-१.

बाद फेरीत बारीला चेकोस्लोव्हाकिया, १-४. कोनेहो जखमी, त्याच्या जागी बारांतेस. स्कुहराव्हीने तीन गोल केले, तिन्ही डोक्याने. उंच स्ट्रायकर, बाजूंनी येणारे क्रॉस आणि राखीव गोलकीपर असं तिहेरी संकट होतं. त्यावर तीन महिन्यांच्या संघाकडे उतारा नव्हता.

मडगांवकार

कोनेहो असतो तर चार गोल झाले नसते, असं तिकडे अजून म्हणतात.

कोन_आणि_शिट्टी

कोनेहोने एखादा वाचवला असता, तिन्ही नाही. सहा यार्डांच्या चौकटीत हवेतला चेंडू हे आधी बचावपटूचं काम, मग कीपरचं.

तीन महिन्यांत राष्ट्रीय संघ कसा बांधतात, हा तांत्रिक भाग इथे लिहून ठेवतो. बोराने तंतोतंत असंच केलं असा दावा नाही, पण अल्पमुदतीच्या कोचला दुसरी वाटही फारशी नसते.

पहिले दहा दिवस चेंडूला हात न लावता जातात. हाती असलेल्या ३०-३५ जणांचे मागच्या वर्षभरातले सामने बघायचे, कोण किती मिनिटं खेळलाय ते काढायचं, जुनी दुखणी डॉक्टरकडून लिहून घ्यायची. निवड पाठीकडून पुढे करायची: कीपर, दोन सेंटर बॅक, त्यांच्यापुढचा एक बचावात्मक मिडफिल्डर. हे चौघे ठरले की निम्मा संघ ठरला. सगळ्यात मोठी चूक इथे होते. कोच नावाजलेल्या फॉरवर्डपासून सुरुवात करतो आणि शेवटी उरलेल्यांना मागे उभं करतो.

मग चार ते सहा आठवडे आकार पक्का करायचा. एकच रचना, बहुधा ४-४-२ (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड), कारण ती प्रत्येकाने लहानपणापासून खेळलेली असते. दोन ओळींमधलं अंतर दहा-बारा मीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही. चेंडू हरवल्यावर कुणी दाबायचं आणि कुणी मागे पळायचं, हे पाठ होईपर्यंत रोज २०-२५ मिनिटं. सेट पीसला दर सरावात वेगळा वेळ. दुबळ्या संघासाठी कॉर्नर आणि फ्री किक हा सगळ्यात स्वस्त गोल असतो, आणि तो चालताचालता बसवता येत नाही.

मैत्रीपूर्ण सामने सहा ते आठ, आणि प्रतिस्पर्धी गटातल्या संघांसारखे निवडायचे. मोठ्या हरण्याला घाबरून सोपे सामने ठरवले की पहिल्या खऱ्या सामन्यात पाय लटपटतात. स्पर्धेच्या गावी हवामान वेगळं असेल तर दहा ते चौदा दिवस आधी पोचायचं. शेवटच्या आठ-दहा दिवसांत सरावाचं प्रमाण निम्म्यावर आणायचं, वेग मात्र कमी करायचा नाही. घाबरलेला कोच नेमका उलटं करतो: शेवटच्या आठवड्यात डबल सेशन लावतो आणि संघ दमलेल्या पायांनी उतरतो.

बोरा लांब पळवण्यापेक्षा चेंडूचे खेळ घ्यायचा. छोट्या मैदानावर कमी माणसांचे सामने, आणि मध्ये जाळी बांधून पायाने टेनिस. चीनमध्ये पत्रकार त्याला हसले, पण त्या टेनिसमध्ये पहिला स्पर्श, एका टप्प्यात निर्णय आणि हलकंफुलकं वातावरण, तिन्ही साधतं. शिवाय दुभाष्या लागत नाही. त्याचं इंग्रजी स्पॅनिशमध्ये घोळलेलं असायचं, तेव्हा कमी शब्दांत होणारा सराव ही गरजही होती.

बाकावरचा

हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेबद्दल पण लिहा ना कुणीतरी.

सिल्व्हरडोम

आयडीच त्या विश्वचषकाच्या मैदानाचा घेतलाय म्हटल्यावर मलाच लिहायला हवं.

अमेरिकेत त्याची अडचण वेगळी होती. वेळ भरपूर, १९९१ पासून तीन वर्षं. पण देशात धड पहिल्या दर्जाची मैदानी लीगच नाही. मेजर लीग सॉकर सुरू झाली १९९६ मध्ये. म्हणून फेडरेशनने खेळाडूंना थेट पगारी करारावर ठेवलं आणि कॅलिफोर्नियात मिशन व्हिएहोला कायमचा तळ टाकला. राष्ट्रीय संघाचाच क्लब केला म्हणा. लीगची मिनिटं मिळत नाहीत म्हणून मैत्रीपूर्ण सामन्यांचा रतीब. जोडीला युरोपात खेळणारे: बेटिसचा टॅब रामोस, झारब्रुकनचा विनाल्डा, इंग्लंडमधला हार्क्स, हॉलंडमधला स्टुअर्ट, जर्मनीतला डूली.

तयारीची फळं आधीच दिसली. १९९१ चा गोल्ड कप, उपांत्य फेरीत मेक्सिकोवर २-०, अंतिम फेरीत होंडुरासवर पेनल्टींवर. १९९३ मध्ये फॉक्सबरोला इंग्लंडवर २-०.

१९९४ चा पहिला सामना स्वित्झर्लंडशी, डेट्रॉइटजवळच्या पोंटियॅक सिल्व्हरडोममध्ये. विश्वचषकातला छपराखालचा पहिला सामना. आत गवत उगवणं शक्य नव्हतं, म्हणून मिशिगन स्टेट विद्यापीठाने षटकोनी ट्रेंमध्ये हिरवळ वाढवली आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी आत जोडली. एअरकंडिशनिंग नाही, त्यामुळे दमट उकाडा. ब्रेगीच्या फ्री किकवर स्विस पुढे, पहिला अर्ध संपता संपता विनाल्डाच्या फ्री किकवर १-१. दोन्ही गोल फ्री किकवर! वर सेट पीसबद्दल जे लिहिलंय त्याला हा पुरावा.

२२ जून, रोझ बोल, कोलंबिया. ३५व्या मिनिटाला हार्क्सचा क्रॉस अडवताना आंद्रेस एस्कोबारचा स्वयंगोल, ५२व्याला रामोसच्या पासवर स्टुअर्ट. २-१. एस्कोबारचा दहा दिवसांनी मेडेयिनमध्ये खून झाला. त्या सामन्यावर लिहिताना हात आखडतोच.

मग रोमानियाकडून ०-१. त्यात हार्क्सला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे ब्राझीलविरुद्ध तो बाहेर. ४ जुलै, स्टॅनफर्ड. अर्ध्या वेळेच्या अगदी आधी लिओनार्दोने रामोसला कोपर मारलं. लाल कार्ड, पण रामोसही जायबंदी. पुढे क्लाव्हिहो जाईपर्यंत ब्राझील दहा जणांत, जवळजवळ पूर्ण दुसरा अर्ध, आणि तरी अमेरिकेला काही करता आलं नाही. बेबेतो, ०-१.

तिसरा_पंच

हेच, हेच मला म्हणायचंय. दहा जणांविरुद्ध चाळीस मिनिटं मिळाली तर दुसरा कोच माणसं पुढे काढतो. बोराकडे दुसरी योजनाच नसायची.

ऑफसाइड_काका

पंचसाहेब, यावर आकडेच काढतो.

पाच विश्वचषकांत बोराचे २० सामने: ८ विजय, ३ बरोबरी (१९८६ ची जर्मनीविरुद्धची मॉन्टेरेतली शूटआउट बरोबरीत धरून), ९ पराभव. गोल १९ केले, ३० खाल्ले. आता याची फोड करा.

पहिले सामने: बेल्जियम विजय, स्कॉटलंड विजय, स्वित्झर्लंड बरोबरी, स्पेन विजय, कोस्टारिका पराभव. म्हणजे पाचपैकी एकच हार.

बाद फेरी: १९८६ ला बल्गेरियावर २-०, नंतर जर्मनीशी ०-० आणि शूटआउटमध्ये बाद, मग १-४, ०-१, १-४. पाचपैकी एकच विजय, तोही मेक्सिको सिटीतल्या घरच्या आझ्तेका स्टेडियमवर.

पहिला प्रतिस्पर्धी ड्रॉ निघाल्यापासून, सहा महिने आधी माहीत असतो. बाद फेरीतला चार-पाच दिवस आधी कळतो. बोराचा संघ तयारीवर चालणारा होता, सुचण्यावर नाही. पहिल्या सामन्यासाठी कपडा मापाने शिवलेला, चौथ्या-पाचव्यासाठी तयार कपडा घ्यावा लागायचा, आणि तो त्याला एकदाच बसला.

डावा_बॅक

१९९८ चं शेवटचं १-४ याला चपखल बसतं. नान्तला स्पेनशी ३-२, त्यात ओलिसेहचा तो लांबून मारलेला गोल. मग इक्पेबाच्या गोलावर बल्गेरियाला १-०. दोन सामन्यांत गट खिशात. पॅराग्वेविरुद्ध बदललेला संघ उतरवला, १-३. लय गेली ती गेलीच. डेन्मार्कने तिसऱ्या मिनिटाला पहिला, बाराव्याला दुसरा मारला. एबे सांड बदली म्हणून आला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत गोल करून बसला. पुढे ब्राझील दिसत होता, नायजेरियाची नजर तिकडे. अटलांटाचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेले खेळाडू होते त्यात, गुणवत्तेची कमी नव्हती. दोन गोलांनी मागे पडल्यावर जागच्या जागी फेरमांडणी कुणी केली नाही, आणि ते काम बाकावरच्या माणसाचंच.

पुमास_१९८१

मेक्सिको १९८६ बद्दल "घरचं मैदान" एवढंच म्हणून सोडू नका, त्यात खोच आहे. पहिले चारही सामने आझ्तेकावर झाले. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर, त्यात युरोपातल्या टीव्हीच्या सोयीसाठी भर दुपारी बारा वाजताचे सामने. सवय नसलेल्या संघाची तासाभरात दमछाक होते. बल्गेरियाविरुद्ध नेग्रेतेने हवेत आडवं होत मारलेला कात्रीचा गोल सगळ्यांना माहीत आहे.

उपांत्यपूर्व सामना मात्र मॉन्टेरेला. उंची साधारण साडेपाचशे मीटर. म्हणजे मेक्सिकोचं सगळ्यात मोठं हत्यार नेमकं जर्मनीविरुद्ध म्यान झालं. बर्टोल्ड लाल कार्डावर गेला, जर्मनी दहात. पुढे मेक्सिकोचा आगिरेही गेला. ०-०. शूटआउटमध्ये नेग्रेतेने मारली, किरार्ते आणि सेर्विनच्या जर्मन कीपर शूमाखरने अडवल्या, जर्मनी ४-१.

दुसरं म्हणजे यजमान असल्याने पात्रता फेरी नव्हती, आणि १९८३ पासून सलग तयारी. नेग्रेते, सेर्विन, एस्पान्या ही त्याच्या पुमासमधली पोरं. ओळखीच्या माणसांवर बांधलेला संघ बाद फेरीत टिकला; उसना घेतलेला कुठलाच टिकला नाही. १९८६ नंतर २०२२ पर्यंत मेक्सिको पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत गेलेला नाही.

मडगांवकार

आणि त्याच मेक्सिकोने १९९७ मध्ये त्याला काढला, तो किस्सा? अंतिम पात्रता गटात दहा सामने, चार विजय, सहा बरोबरी, पराभव शून्य. विश्वचषकाचं तिकीट हातात. पण घरी आझ्तेकावर दहा जणांच्या अमेरिकेशी ०-० झालं आणि प्रेक्षक उलटले. महिन्याभरात नवा कोच म्हणून लापुएन्ते आला.

आमच्या गोंयात म्हणतील, न हरताच हरलो.

कोन_आणि_शिट्टी

या पेशात तो अपवाद नाही. राष्ट्रीय कोचच्या करारात सहसा तीन गोष्टी असतात: मासिक रक्कम, पात्रतेचा बोनस आणि मुदतीआधी काढल्यास द्यायची भरपाई. चौथी गोष्ट कागदावर नसते, ती म्हणजे लोकांना खेळ बघायला आवडला पाहिजे. सहा बरोबऱ्यांनी तिकीट मिळतं, माया मिळत नाही.

१९९५ ला अमेरिकेतून तो गेला तेही असंच. फेडरेशनला त्याच्याकडून देशभराच्या विकासाची, कार्यालयीन जबाबदारी हवी होती. त्याला फक्त संघ हवा होता. नवा कोच नेमताना फेडरेशनने आणि कोचनेही हे आधीच लिहून घ्यावं: पहिल्या संघाचं काम किती, वयोगटांचं किती, कोच शिक्षणाचं किती. नाहीतर दुसऱ्या वर्षी भांडण ठरलेलं.

बाकावरचा

मेट्रोस्टार्स कुणीच काढत नाही. :)

सिल्व्हरडोम

काढतो. १९९९ चा मोसम: ३२ सामने, ७ विजय, २५ पराभव. कारणं गूढ नाहीत. राष्ट्रीय कोचला माणूस आवडला नाही तर देशभरातून दुसरा उचलता येतो. तिकडच्या लीगमध्ये पगाराची कमाल मर्यादा, ड्राफ्ट (नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे), अदलाबदलीचे नियम. चुकलेला खेळाडू मोसमभर गळ्यात. दर आठवड्याला सामना, म्हणजे सहा महिने एकाच प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास हा त्याचा हुकमी पत्ता बाद. शिवाय सलग सहा-सात हरल्यावर ड्रेसिंग रूम सांभाळायची हातोटी लागते. तीन सामन्यांच्या स्पर्धेत ती वेळच येत नाही. उदिनेसेतही तो फार टिकला नव्हता.

पुमास_१९८१

पण पुमासला त्याने पूर्ण लीग जिंकली होती, हे विसरू नका. क्लबचं काम त्याला येत नव्हतं असं नाही. तिथे सहा वर्षं मिळाली आणि क्लबची स्वतःची पोरं होती.

डावा_बॅक

आता चीन. इथे लोक फक्त ०-२, ०-४, ०-३ बघतात. माझ्या मते त्याचं सगळ्यात कठीण काम पात्रता हेच होतं, आणि ते चोख झालं. शेवटच्या गटात यूएई, उझबेकिस्तान, कतार, ओमान. आठ सामन्यांत सहा विजय, १९ गुण, फक्त दोन गोल खाल्ले. ७ ऑक्टोबर २००१, शेनयांगचं वुलिहे स्टेडियम, ओमानविरुद्ध यू गेनवेईचा एकमेव गोल, आणि दोन सामने शिल्लक असताना तिकीट पक्कं. जपान आणि दक्षिण कोरिया यजमान म्हणून पात्रतेत नव्हते, ही मोठी सवलत होती हे कबूल. पण चीनला त्याआधी जमलं नव्हतं आणि त्यानंतर आजवर जमलेलं नाही. "वृत्तीवर सगळं ठरतं" अशी चिनी अक्षरं असलेली टोपी घालून तो सरावाला यायचा, ती टोपी तिकडे म्हणीसारखी झाली.

विश्वचषकात पहिल्याच सामन्यात सुन जिहाई जखमी होऊन बाहेर, त्याच सामन्यात फान झियीही दुखावला. बचावाचे दोन मुख्य खांब गेले. ब्राझील आणि तुर्कस्तान दोघांविरुद्धही चेंडू पोस्टला लागला, तेवढाच काय तो गोलाचा वास. राखीव फळी पातळ असेल तर तयारीवर चालणारा संघ असा एका दुखापतीत कोसळतो.

ऑफसाइड_काका

आणि तो पहिला सामना कुणाशी? कोस्टारिकाशी, ग्वांगजूला. समोरच्या बाकावर अलेक्झांद्रे गिमारायस, म्हणजे १९९० च्या बोराच्या संघातला खेळाडू. गोमेस ६१, राइट ६५, सामना खलास. चेल्याने गुरूला गुरूच्याच पद्धतीने मारलं: तासभर घट्ट उभे, मग चार मिनिटांत दोन.

मुंबईकरांनो, हाच गिमारायस २०१६ मध्ये मुंबई सिटीचा कोच म्हणून अंधेरीच्या स्टेडियमवर उभा होता. उरुग्वेचा फोरलान संघात होता तो मोसम. संघ गुणतक्त्यात पहिल्यांदाच अव्वल आला आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून गेला.

तिसरा_पंच

गटात पहिला, बाद फेरीत बाद. घराणं एकच!

मडगांवकार

हाहा. आपल्याकडचा धागा आणखी एक आहे. बोराच्या आधी चीनचा कोच होता इंग्लंडचा बॉब हॉटन, आणि तोच पुढे २००६ ते २०११ भारताचा. स्वीडनच्या माल्मो क्लबाला १९७९ च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात नेणारा. त्याच्याच काळात भारताने नेहरू कप दोनदा जिंकला आणि २०११ चा आशियाई कप खेळला. युगोस्लाव्ह शाळेतला माणूसही आपल्याला लाभला होता: मिलोवान चिरिच, १९८४ च्या आशियाई कपाच्या वेळी. एफसी गोवाचा झिको घ्या: जपान, तुर्कस्तान, रशिया, ग्रीस, इराक, कतार करून फातोर्ड्याला आला. बोरानंतर दोन वर्षांनी त्याच इराकच्या खुर्चीत झिको बसला होता.

बाकावरचा

भारतीय कोच असा फिरताना का दिसत नाही?

कोन_आणि_शिट्टी

कागद हे पहिलं कारण. आशियाई महासंघाची उतरंड डी, सी, बी, ए आणि वर प्रो अशी आहे. दोन पायऱ्यांमध्ये प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं, त्यामुळे वर पोचायला वर्षं जातात. दुसरं कारण भाषा आणि ओळखी. बोराला सर्बियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन आणि कामापुरतं इंग्रजी येत होतं, आणि मेक्सिकोतल्या नावावर अख्खा अमेरिका खंड उघडला. आपल्याकडे देशातल्या देशात फिरणारे आहेत. खालिद जमील मुंबई एफसीत सात वर्षं, मग ऐझॉलला २०१७ ची आय-लीग, ईस्ट बंगाल, नॉर्थईस्ट, जमशेदपूर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये थेट भारताचा कोच. डेरिक परेरा महिंद्रा, पुणे, साळगांवकर, एफसी गोवा. मागे घट्ट, सेट पीसवर गोल, नावापेक्षा काम बघून निवड. जमीलचं ऐझॉल बघितलं तर बोराची आठवण येते.

पुमास_१९८१

इराकचा विषय निघालाच आहे तर एक भर. २००९ च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये बोरा इराकचा कोच होता. दक्षिण आफ्रिकेशी ०-०, स्पेनकडून ०-१, न्यूझीलंडशी ०-०. स्पेन तेव्हा युरोपचा विजेता, त्याचा एकमेव गोल व्हियाचा. तीन सामने मिळून, दोन्ही बाजूंचे धरून, एकूण गोल एक.

तिसरा_पंच

आणि पहिला सामना? न हरता. काकांच्या तक्त्यात हाही घाला.

ऑफसाइड_काका

विश्वचषक नाही, म्हणून तक्त्यात नाही. तळटीप म्हणून घालतो.